भटकंतीचे प्रश्न: सह्याद्रीच्या धाकट्या बहिणीकडे एक दिवस

मागच्या अंकात मॉरिशसबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या आणि या महिन्यात पत्रं, ईमेल सगळी तिकडचीच आली. बीच, बोट, स्नॉर्कलिंग हे प्रश्न पुढच्या वेळी घेते. यावेळी फक्त बेटाच्या पोटातला डोंगराळ भाग, म्हणजे जुने ज्वालामुखी आणि धबधबे, कारण तो भाग लोक घाईघाईत उरकून येतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : आम्ही पाच जण मे महिन्यात मॉरिशसला जातोय, हॉटेल उत्तरेला ग्रँड बेला आहे. एजंटने "साऊथ टूर" म्हणून एका दिवसात अकरा ठिकाणं दिलीत, त्यात जहाजाच्या मॉडेल्सची फॅक्टरी आणि एक हिऱ्यांचं दुकानपण आहे. आम्हाला ज्वालामुखी आणि धबधबे निवांत बघायचेत. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात. स्वतः गाडी चालवावी का ड्रायव्हर घ्यावा? (वाचक, नाशिक)

अकरातली सहा ठिकाणं आजच कापून टाका. हे बेट लहान आहे, साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद, त्यामुळे नकाशात बघून वाटतं की सगळं होईल, पण डोंगरातले रस्ते वळणाचे आहेत आणि खरं तर बघण्यासारखं रस्त्यावरच इतकं असतं की थांबावंसं वाटतं. आमच्या पहिल्या ट्रिपला आम्हीपण अशीच भरगच्च टूर घेतली होती, त्या गाडीवाल्याने दोन दुकानांत मिळून दोन तास घालवले आणि दरीच्या व्ह्यूपॉइंटला पोचलो तेव्हा तीन वाजून गेलेले, समोर नुसतं पांढरं धुकं, दहा फुटांवरचं झाड दिसेना. माझ्या आईने रेलिंगला धरून पाच मिनिटं वाट बघितली आणि परत गाडीत जाऊन बसली. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा ती नव्हती. म्हणून सांगते, वरचा भाग सकाळी करा.

गाडीचं म्हणाल तर तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, पाट्या इंग्लिश-फ्रेंच, त्यामुळे भारतातून गेलेल्याला अवघड नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतूनच काढून न्या. राउंडअबाऊट भरपूर आहेत, स्पीड कॅमेरे आहेत. पण तुमच्यात जो गाडी चालवणार त्याला दिवसभर दरी बघायला मिळणार नाही, हा विचार करा. पाच जण आहात तर एक दिवस ड्रायव्हर घेणंच मला बरं वाटतं, फक्त आदल्या दिवशी त्याला ठिकाणांची यादी हातात द्या आणि दुकानं नकोत हे स्पष्ट बोला.

निघायचं सातच्या आत, कारण पोर्ट लुईजवळ सकाळचा ट्रॅफिक लागतो. पहिला थांबा क्युरपीप गावातलं त्रू ओ सेर. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, साधारण ३०० मीटर रुंद आणि ८० मीटर खोल, आत दाट झाडी आणि तळाला थोडं पाणी. गाडी अगदी काठावर जाते, सासूबाईंना एक पायरीसुद्धा चढावी लागणार नाही. गावातले लोक सकाळी त्या काठावरून चालायला येतात, बाजूला वस्ती, घरांवर वाळत घातलेले कपडे, म्हणजे ज्वालामुखीच्या उशालाच अख्खं गाव नांदतंय. स्वेटर ठेवा, क्युरपीपला पाऊस भुरभुरतच असतो.

तिथून गंगा तलाव. हाही ज्वालामुखीच्याच विवरात साठलेला तलाव आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, लोक देवळात जाऊन येतात आणि आपण विवराच्या आत उभे होतो हे त्यांना कोणी सांगतच नाही. १८९८ मध्ये त्रियोले गावाहून काही भाविक पायी इथे आले तेव्हापासून यात्रेची परंपरा, १९७२ मध्ये गोमुखाहून आणलेलं गंगाजल यात ओतलं आणि गंगा तलाव हे नाव पडलं. रस्त्याच्या कडेला ३३ मीटर उंच मंगल महादेवाची मूर्ती आहे ती लांबूनच दिसते. घाटावर शांत बसा, घाई करू नका.

मग प्लेन शांपान्यचा रस्ता, हा माझा सगळ्यात आवडता. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क, १९९४ चं, ६५ चौरस किलोमीटरच्या वर जंगल. आधी अलेक्झांड्रा धबधब्याचा फाटा लागतो, गाडीतून उतरून थोडं चालायचं, धबधबा वरून दिसतो आणि मान थोडी वर केली की खाली दक्षिणेचा समुद्र. नंतर दरीचा व्ह्यूपॉइंट, जिथे आम्हाला धुकं लागलं होतं तोच. दुसऱ्या वेळी दहाच्या सुमाराला पोचलो तर सगळी दरी मोकळी, लांबवर कड्यावरून पांढरी रेघ सांडलेली, आणि समोरून शेपटीवाले पांढरे पक्षी खालून वर येत होते. आपण आंबोलीला किंवा माळशेजला उभे राहतो ना, तसंच, फक्त समुद्र एवढा जवळ. खाण्याच्या पिशव्या गाडीतच ठेवा, माकडं माथेरानसारखीच धीट आहेत.

दुपारी शामारेल. एकाच तिकिटात धबधबा आणि सात रंगांची माती दोन्ही येतं. धबधबा ८० मीटरपेक्षा उंच आहे, कड्यावरून सरळ खाली पडतो, आणि खालच्या व्ह्यूपॉइंटवरून आरामात दिसतो. वरच्या पॉइंटला पायऱ्या आहेत, सासूबाईंना तिकडे नेऊ नका, काही चुकणार नाही. रंगीत माती बघायला ऊन हवं, ढग असले की सगळं तपकिरी दिसतं, ढग सरकेपर्यंत थांबा. मग पश्चिमेच्या उतारावरून काझ न्वायालला उतरा, उतार तीव्र आहे, खालच्या गिअरमध्येच गाडी ठेवायची, आणि शेवट ल मॉर्नच्या किनाऱ्यावर. मे मध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपास बुडतो, पाचला पोचा. ५५६ मीटरचा तो काळा कडा बघताना एवढं लक्षात ठेवा की पळून आलेले गुलाम याच्या गुहांमध्ये आणि माथ्यावर लपून राहायचे, म्हणूनच २००८ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, त्याला दगड गोळा करायचा नाद आहे. तो म्हणतो मॉरिशसचा दगड आणि आपल्या सह्याद्रीचा दगड एकच. खरंय का? का यूट्यूबवरचं काहीतरी? (वाचक, पुणे)

मुलाला माझा नमस्कार सांगा, त्याचं बरोबर आहे. दोन्हीकडे बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. पण तो जे म्हणतोय ते नुसतं दगडाच्या जातीपुरतं नाहीये, गोष्ट त्याहून मोठी आहे.

बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की जमिनीच्या खाली खोल एका जागी तापलेल्या खडकाचा झोत वर येत असतो, त्याला हॉटस्पॉट म्हणतात, आणि वरची जमीन त्याच्यावरून सरकत जाते. तुम्ही घरी करून दाखवा, गॅसची ज्योत एकाच जागी आणि वरून भाकरी हळूहळू सरकवत नेली तर भाकरीवर ओळीने काळे डाग पडत जातील. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची जमीन या ज्योतीवर होती तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले, आज ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं दख्खनचं पठार ते हेच. मग भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे डाग उरत गेले, लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ओळच आहे समुद्रात, मालदीवच्या खालचा बेसाल्ट साधारण ५.७ कोटी वर्षांचा, चागोसचा ४.९ कोटींचा. पुढे समुद्रतळाच्या भेगेमुळे माळ मध्येच तुटली, पण ज्योत चालूच, त्यातूनच ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं, आणि आज ती ज्योत शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे ज्या चुलीवर राजगड, हरिश्चंद्रगड, वेरूळचा डोंगर भाजून निघाला त्याच चुलीवरचं हे धाकटं लेकरू. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्रू ओ सेरच्या काठावर उभी होते आणि खरंच अंगावर काटा आला.

आता मुलाला एक काम द्या. तुमच्याकडे मुळशी, ताम्हिणी कुठेही रस्त्याकडेला फुटलेला काळा दगड बघा, त्यात बारीक भोकं असतात आणि पुष्कळ भोकांत पांढरे-हिरवट चकाकते खडे भरलेले असतात, झिओलाईट, कॅल्साईट वगैरे. ती भोकं कशी पडली? घावन तव्यावर घातलं की वाफ निघून जाळी पडते ना, तसं लाव्हा थंड होताना त्यातला वायू बाहेर पडला त्याची ती जाळी. नंतर कोट्यवधी वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि जाळीत खडे भरत गेले. मॉरिशसला गेलात तर उसाच्या शेताच्या बांधावरचा दगड हातात घेऊन बघा, जाळी तशीच, पण भोकं बहुतेक रिकामी. तिथले शेवटचे उद्रेक लाखभर वर्षांच्या आतले आहेत, खडे भरायला अजून वेळच मिळालेला नाही. एका हातात आपला आणि एका हातात तिकडचा दगड धरला की वय बोटांना कळतं. (नॅशनल पार्कमधला दगड उचलायचा नाही, बघून तिथेच ठेवायचा, हे त्याला आधीच सांगा.)

शामारेलच्या रंगीत मातीचंही आपल्याशी नातं आहे. गरम हवा आणि भरपूर पाऊस यांत बेसाल्ट कुजत कुजत त्याची चिकणमाती होते, विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साईडं मागे राहतात, लाल, तपकिरी, जांभळट छटा त्यातूनच येतात. कोकणातला जांभा आणि पाचगणीच्या टेबललँडचा लाल थर याच प्रकारे झालाय. आणि त्याला लोणार दाखवलं असेल तर एक फरक जरूर सांगा, त्रू ओ सेर आणि लोणार दिसायला सारखे वाटतात पण लोणार उल्का पडून झालंय, बेसाल्टमध्ये बाहेरून पडलेला खड्डा, आणि हे आतून फुटलेलं तोंड.

प्रश्न : धबधब्यांना पाणी कधी जास्त असतं? आम्ही आठ मैत्रिणी, सगळ्या भिजायला तयार! (वाचक, ठाणे)

जानेवारी ते मार्च. पण तोच वादळांचा काळ आहे, तिकडे वादळाच्या इशाऱ्याचे एक ते चार वर्ग असतात, तीन नंबर लागला की कुठेही बाहेर पडायचं नाही, हॉटेलवरच थांबायचं. एप्रिल-मे मध्ये पाणी बऱ्यापैकी टिकलेलं असतं आणि रस्ते कोरडे असतात, मला विचाराल तर तेव्हा जा. जून ते सप्टेंबर हवा थंड, पाणी कमी. महाशिवरात्रीच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र गंगा तलावाचा रस्ता गाडीने करू नका, लाखो माणसं कावड घेऊन पायी येतात. पायी जायची तयारी असेल तर मात्र तेव्हाच जा, आपल्या वारीची आठवण येईल.

भिजायचं म्हणाल तर शामारेलचा धबधबा फक्त लांबून बघायचा. सुयाकजवळचा रोचेस्टर धबधबा उंचीला लहान, पण तिथे पाण्यापर्यंत जाता येतं आणि मागची भिंत बघण्यासारखी आहे, लाव्हा थंड होताना आकसला आणि उन्हाळ्यात शेत भेगाळतं तसा सरळ उभ्या भेगांनी चिरला, त्याचे ते खांब. अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे ना, त्याच जातीचे. मुंबई-ठाण्याच्या माणसांनी अंधेरीचे खांब नाही बघितले तर मात्र मी रागवेन, आधी ते बघा. रोचेस्टरला गावातली पोरं वरून उड्या मारतात, त्यांना तळाचा दगड न् दगड माहीत आहे, तुम्ही मारू नका. तामारँच्या सात धबधब्यांना उतरायचं असेल तर स्थानिक गाईड घेतल्याशिवाय अजिबात नाही, निसरडं आहे आणि वरती पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. दिवसभर गाडीत, जेवायचं काय? (वाचक, जळगाव)

काही काळजी करू नका. रस्त्यावर ढोलपुरी मिळते, म्हणजे डाळपुरीच, पुरणपोळीसारखी पातळ आणि मऊ, आत डाळीचं भरड सारण, गोड नाही. दोन-दोनची जोडी देतात, वर वालासारख्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची चटणी आणि मिरचीचा ठेचा, कागदात गुंडाळून. गातो पिमां म्हणून छोटे डाळवडे मिळतात ते गरम असतानाच खा. सकाळी क्युरपीपच्या बाजारातून बांधून घ्या म्हणजे जंगलात उपाशी राहायची वेळ येणार नाही.

प्रश्न : खरा वाहता लाव्हा बघायला मिळेल का? (वाचक, सांगली)

मॉरिशसमध्ये नाही. त्यासाठी रियुनियन, विमानाने पाऊण तासावर. तिथला पितों द ला फुर्नेझ, उंची २,६०० मीटरच्या वर, जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी आहे. पण तो तुमच्या सुट्टीच्या तारखा बघून फुटणार नाही आणि फुटला की आतला भाग लोकांना बंद करतात, तेव्हा लाव्ह्याच्या आशेवर तिकीट काढू नका. गोठलेला लाव्हा मात्र पाहिजे तेवढा, पूर्व किनाऱ्याचा रस्ता त्याच्यावरूनच जातो. १९७७ मध्ये लाव्हा सँत-रोझ भागातल्या एका चर्चच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेला, ते चर्च आजही त्या काळ्या दगडाच्या कुशीत उभं आहे. बेट फ्रान्सचं आहे, व्हिसाची चौकशी वेगळी करा, नुसता शेंगेन व्हिसा चालेल असं धरून चालू नका.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे भाऊ रत्नागिरीकडून "मोरसला" गेले असं घरात सांगतात. परत आले नाहीत. आम्ही नोव्हेंबरमध्ये तिकडे जातोय, एका दिवसाच्या फिरण्यात त्यांचा काही माग लागेल का? (वाचक, चिपळूण)

हे पत्र मी तीनदा वाचलं. मोरस म्हणजे मॉरिशसच, आपल्याकडे जुनी माणसं पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणायची ती तिकडून यायची म्हणून. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं करार करून हिंदुस्थानातून तिकडे नेली, त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले, घाटावरचेही होते.

तुम्ही धबधब्यांच्या रस्त्याने जाल तेव्हा उसाच्या शेतांमध्ये मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, काही घराएवढे उंच, नीट रचलेले. टूरवाले तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा. ही जमीन म्हणजे लाव्ह्याच्या दगडांनी भरलेली, ऊस लावायचा तर आधी एकेक दगड उचलून बाजूला करावा लागायचा, आणि ते आधी गुलामांनी, नंतर करारावर नेलेल्या मजुरांनी हातांनी केलं. तिकडच्या घराघरात अजून सांगतात की नेणाऱ्यांनी यांना सांगितलं होतं, मोरसमध्ये दगड उलटला की खाली सोनं सापडतं. मी त्या ढिगाजवळ उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, ज्या माणसाने लहानपणापासून काळ्या दगडाचे गडगे रचले, काळ्या दगडाच्या विहिरीतून पाणी काढलं, तो बोटीतून एवढा समुद्र ओलांडून उतरला आणि त्याच्या हातात परत तोच दगड आला.

माग लागू शकतो. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, मजूर बोटीतून उतरायचे ती जागा, २००६ पासून जागतिक वारसा, तिथल्या त्या पायऱ्या आधी बघा. आणि मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदींचं दप्तर आहे, बोटीचं नाव, गाव, वय, बापाचं नाव, नंतरच्या काळातल्या काहींचे तर फोटोसुद्धा. पण हे एका दिवसाच्या फिरण्यात बसवू नका, मोकाला वेगळा दिवस द्या आणि आधी ईमेलवर कळवून जा. नावांची स्पेलिंगं साहेबाने ऐकू येईल तशी लिहिलीत, त्यामुळे नुसतं आडनाव घेऊन गेलात तर सापडणार नाही, गाव, तालुका, वडिलांचं नाव, अंदाजे वर्ष, सगळं पाहिजे.

मराठी माणसं मात्र तुम्हाला नक्की भेटतील. गणेश चतुर्थीची तिकडे सरकारी सुट्टी असते, आणि आपली कोकणातली जाखडी ते झाकरी म्हणून अजून नाचतात. त्यांचं मराठी जुनं आहे, थांबत थांबत बोलतात, आपण मध्येच इंग्लिशवर उडी मारायची नाही, त्यांना बोलू द्यायचं.

नोव्हेंबरला वेळ आहे. घरात सगळ्यात म्हातारं जे कोणी असेल त्यांच्याजवळ या आठवड्यातच बसा, पणजोबांच्या भावाचं पूर्ण नाव, वाडीचं नाव आणि ते निघाले तेव्हा घरात काय घडलं होतं ते विचारा, आणि जे सांगतील ते तस्संच लिहून घ्या. मला पण कळवा.